आमेनपर्यंत

वाचा-उपचारांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिचा तरुण मुलगा बसले होते. पलीकडे वडील. पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा गेली होती.

"आई, रविवारी माझ्या बाळाच्या बाप्तिस्म्याला बाबांना पुढे नको उभं करूया. लोकांसमोर अडकले तर?"

"कशाला अडकतील? चर्चमध्ये उभं राहून म्हणतो तो मतांगीकार अख्खा येतो त्यांना. 'मी विश्वास ठेवतो'पासून थेट आमेनपर्यंत."

"तेवढंच येतं ना. काल चहा मागायलाही तेच म्हणाले."

"मग मिळाला ना चहा?"

"आमेनपर्यंत गार झाला."

"दुसरा करून दिला मी. अरे, जुन्या काळी ख्रिस्ती होणाऱ्याला हा मतांगीकार लिहूनही घेऊ द्यायचे नाहीत. पाण्यात उतरण्याआधी तोंडपाठ म्हणून दाखवावा लागायचा. कागद काय, हरवतो."

"पण बाबा घाबरून विसरले तर?"

"स्वतःचं नाव विसरले. माझं विसरले, चाळीस वर्षांच्या संसारानंतर. हा विसरले का?"

"नाही."

"आपले पाळकसाहेब पुस्तकात बघून म्हणतात. त्यांनाच सांग, ह्यांच्या मागोमाग म्हणा म्हणावं."

"आई, हळू बोल."

इतक्यात नर्सने दारातून विचारलं, "आजोबा, नाव काय तुमचं?"

वडील उठले, शर्ट खाली ओढला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, "मी विश्वास ठेवतो..."

"अहो आजोबा, फक्त नाव."

मुलगाही उठून उभा राहिला.

"सिस्टर, जरा थांबा. माझे वडील बोलतायत."