देखणा फोरहँड

अहो, हसू नका! जिंकायला एक पॉइंट हवा होता, एकच, आणि मी टेबल टेनिसच्या टेबलाशी कपाळाला बॅट लावून उभा, सलाम ठोकल्यासारखा! का? तर आमच्या कोचनं शिकवलंय ना, 'फटका मारला की हात कपाळापर्यंत गेलाच पाहिजे! आधी तंत्र, डावपेच नंतर!' नंतर म्हणजे कधी हो? निवृत्त झाल्यावर?

वर्षभर आरशासमोर तोच फटका घोटला मी. बायको ओरडायची, 'अहो, दिवा फोडाल!' पण फोरहँड काय बसला, बघणारे माना डोलवायचे. आता ऑफिसच्या संघात उरली एक जागा, आणि त्या जागेसाठी समोर कोण, तर आवक-जावकच्या बाई! बॅट धरतात शिक्का मारायला निघाल्यासारखी. फटका म्हणून नाहीच, नुसता बॉल ढकलायचा, तोही नेमका माझ्या पोटावर, आणि वर गोड आवाजात, 'घ्या भाऊ!' आता पोटावरचा बॉल फोरहँडनं घेऊ की बॅकहँडनं? हे ठरवून फटका मारेपर्यंत पॉइंट गेलेला! आणि लोक? 'गेला... पण फटका काय देखणा!'

मग मेव्हण्यानं कान फुंकले, 'दाजी, डोकं वापरा, पळवा त्यांना!' वापरलं हो डोकं! इकडे टाकू का तिकडे, बाईंना काय वाटत असेल, मला काय वाटतंय असं बाईंना वाटत असेल... आणि या नादात पाय कुठं ठेवायचे तेच विसरलो, सर्व्हिस थेट नेटमध्ये! इकडून मेव्हणा, 'डावपेच!', तिकडून कोच, 'तंत्र!' डोकं एक, त्यात भांडणारे दोघं, आणि मला स्वतःला उभं राहायला जागा नाही...

तरीही मॅच पॉइंट आला बरं का! बाईंचा बॉल चुकून उंच उडाला आणि मी असा हाणला कचकून! लोक ओरडले, 'काय देखणा!' मी ऐकत राहिलो, हात कपाळाला... तोवर बॉल परतसुद्धा आला, पोटावर! पुढचे दोन पॉइंट कसे गेले, विचारू नका.

खरं सांगू? बुटांची नाडी सोडताना डोळे भरून आले माझे. फार मनावर घेतलं होतं हो. बाई जवळ येऊन म्हणाल्या, 'भाऊ, तुमच्यासारखा देखणा फटका मला जन्मात जमायचा नाही.' घ्या! सांत्वनसुद्धा तेच!

आता कोचनं मला काम दिलंय. नवीन आलेल्यांसमोर उभं राहून फोरहँड करून दाखवायचा, नुसता हवेत, बॉलशिवाय. आणि तुम्हाला सांगतो, बॉल गेल्यापासून मी एकदाही हरलेलो नाही!