शेजारच्या चकत्या

स्वीडनमधल्या एस्टरसुंदला बायथलॉनच्या, म्हणजे बर्फावर स्कीने धावत मधेमधे नेम मारायच्या शर्यतीच्या, मैदानाकडेला वॉफलची रांग लागली होती. हेडविगच्या पुढेच एक म्हातारं जोडपं हुज्जत घालत होतं.

"सिक्स्टन, लेकीची शेवटची शर्यत आहे. आज तरी बघ."

"मी बघितलं की तिचा नेम चुकतो, गुनवोर. इटलीत बघितलं, पदक गेलं. फिनलंडला वॉफलच्या रांगेत उभा राहिलो, तर रौप्य!"

"म्हणून तिची सगळी कारकीर्द तू रांगेतच काढलीस. नेमाच्या पाचही चकत्या गोळीने पाडताना तिला एकदा तरी पाहिलंस का?"

"माझ्या नजरेतच खोट आहे, त्याला मी काय करू?"

"नजरेत नाही, डोक्यात आहे."

"जा तुम्ही, तुमची जागा मी धरते," हेडविग म्हणाली.

"ऐकलंस? चल कुंपणापाशी. यिल्वा बंदूक काढतेय बघ."

"बरं. पण तिच्या चकत्यांकडे बघणार नाही. शेजारी नॉर्वेवालीच्या आहेत, त्या बघतो. चुकली तर नॉर्वे चुकेल."

"काय बेरकी आहेस रे!"

कुंपण दोन पावलांवर होतं. गोळ्यांचे आवाज आले.

"अगं, नॉर्वेवालीने पाचही पाडल्या!"

"कुठली नॉर्वेवाली? ती अजून पोचलीच नाही."

"मग पाडल्या कोणी?"

"तुझ्या लेकीने! दुसरीच्या चकत्यांवर गोळ्या झाडल्या, त्या धरत नाहीत. आता गोळीमागे एक, अशा दंडाच्या पाच फेऱ्या!"

"म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत पाचही?"

"पाचही."

"एकही चुकली नाही?"

"नाही रे बाबा. आता रडतोस काय?"

"सरक जरा. मला तिच्या फेऱ्याही बघू दे."