दहिवलीच्या तळ्याचा श्वास

...नाही, पण तुम्हीच सांगा, मासा तोंड उघडून पाण्यावर आला तर ती माझी चूक कशी? त्याला काय मी शिकवून ठेवला होता? पण गेले दोन महिने दहिवलीत कुणीही भेटो, पहिलं वाक्य ठरलेलं, "काय विष्णू, बरे आहेत ना तुझे मासे?" माझे म्हणे. तळं गावाचं, मासे देवाचे, आणि निस्तरायचं तेवढं मी.

तुम्हाला सांगतो, मी चार वर्षं जर्मनीत, कील नावाच्या बंदरात राहून समुद्र शिकून आलो. समुद्र काय शिकायचा असतो, असं वाटलं ना तुम्हाला? आमच्या अनसूयाआत्यालाही वाटलं. मी बोटीतून उतरून थेट घरी, दारात ती ओवाळायचं तबक घेऊन उभी, आणि ओवाळता ओवाळता थांबली. "चार वर्षं पाणीच बघत बसलास? मग आपल्या उल्हास नदीनं काय घोडं मारलं होतं?"

मी म्हटलं, आत्या, समुद्र श्वास घेतो. तुला नवल नाही वाटत? वरती हवेत प्राणवायू आहे, खाली पाणी आहे, मध्ये ना नाक ना तोंड, आणि तरी तो आत शिरतो. वारा सुटला, लाट फुटली, फेस झाला, की फेसातली हवा पाण्यात विरते. पाणी जितकं गार तितकी ते हवा जास्त घेतं. आणि उत्तरेला, बर्फाच्या कडेला, ते इतकं गारठतं की जड होऊन सरळ तळ गाठतं, पोटातली हवा घेऊन. म्हणून तर कोसभर खोल, जिथे सूर्य जन्मात पोचला नाही, तिथेही मासे जगतात. त्यांना प्राणवायू कोण देतं? वरचं पाणी नेऊन देतं, शेतावर न्याहारी पोचवावी तसं...

आत्या म्हणाली, "बरं. पाय धुऊन घे."

आणि आमची दहिवली पडली कर्जतजवळ, कर्जतला समुद्र नाही. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. पण ज्ञान काय फक्त किनाऱ्यावरच्या लोकांनी घ्यायचं? आमच्या शाळेत एक खोली वर्षानुवर्षं बंद होती, आत मोडकी बाकं आणि पारवे. मला ती हवी होती. तिथे मी काचेच्या नळ्या मांडणार होतो, नदीचं पाणी, विहिरीचं पाणी, सगळं तपासायला मुलांना शिकवणार होतो. पण खोलीची किल्ली शाळा कमिटीचे अध्यक्ष हेमचंद्रराव यांच्या कमरेला. हे निवृत्त मामलेदार. नोकरी सुटली, पण बोलणं अजून हुकूमनाम्यातलंच. "समुद्राचा या तालुक्यास उपयोग काय, ते सिद्ध करावं. देवळामागचं तळं आहे. अक्षय्यतृतीयेच्या आत ते सुधारून दाखवावं. मग खोलीचा विचार होईल."

आणि नाही जमलं तर? तर आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मुंबईच्या मामांना पत्र लिहून तयार ठेवलं होतं. मामांच्या कचेरीत कारकुनी. मुंबईला समुद्र आहे म्हणता? आहे. पण मामांच्या खिडकीतून समोरच्या कचेरीची खिडकी दिसते.

मग मी तळं पाहायला गेलो, भर दुपारी. पाहतो तर काय, तळ्यात म्हशी. एक नाही, दोन नाही, अकरा. नाकपुड्या तेवढ्या वर, बाकी सगळा ऐवज पाण्यात. एक उठते, धपकन बसते, दुसरी शेपटी आपटते, पायरीपर्यंत पाणी हिंदकळतंय, आणि त्यात देवाचे मासे, ज्यांना गावात कुणी गळ लावत नाही. माझा जीव कळवळला हो. तिथेच पायरीवर उभं राहून मी स्वच्छतेवर भाषण दिलं. ऐकायला पोशा होता. पोशा म्हणजे डोंगरालगतच्या वाडीतला, गावच्या म्हशी तोच राखतो. पूर्ण भाषण त्यानं उन्हात उभं राहून ऐकलं आणि म्हणाला, "दादा, म्हशी नाय आल्या तर पानी निजंल."

मी हसलो. "अरे पोशा, पाण्याला झोप नसते."

"आसती दादा. निजलं की वास मारतं."

मी त्याला समजावलं. प्रेमानं समजावलं, म्हणजे जास्तच वेळ समजावलं. दुसऱ्या दिवशी तळ्याला बांबूचं कुंपण, आणि आठवड्यात पाणी आरशासारखं. हेमचंद्ररावांना त्यात स्वतःची पगडी स्वच्छ दिसली. ते पाच मिनिटं पाहत राहिले. "प्रगती आहे," म्हणाले. मी रात्री स्वप्नात खोलीला चुना लावला.

आणि अक्षय्यतृतीयेला चार दिवस उरले असताना, पहाटे, आत्या घागर टाकून धावत आली. "विष्णू, मासे वर आले."

जाऊन पाहतो तर तळंभर तोंडं. नुसती तोंडं. उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत. सगळं गाव पायऱ्यांवर. आत्या हात जोडून म्हणाली, "जप करतायत रे. देवाचेच ना ते." हेमचंद्रराव म्हणाले, "तक्रार दिसते." आणि मागून नागू सुतार म्हणाला, "ह्ये खोपोलीचं काम हाय. तिथं पान्यातली वीज काढून घेतात. सत्त्व काढलेलं पानी, त्यात मासा जगंल कसा?"

मी म्हटलं, नागूशेठ, पाणी वरून पडतं, चाक फिरवतं, वीज चाकाची, पाण्यातून काही पिळून काढत नाहीत. आणि खोपोलीचं पाणी पाताळगंगेला जातं, आपल्या तळ्याशी त्याचा संबंध काय? तर नागू म्हणतो, "खालून येत आसंल." आता खालून येत असेल याला तुम्ही काय उत्तर द्याल? माझी जर्मन पदवी तितक्या खोल पोचत नाही.

पण मला दिसत होतं. उन्हानं पाणी तापलेलं, तापलेल्या पाण्यात हवा कमी राहते, वारा पडलेला, लाट नाही, फेस नाही. तळ्याचा श्वास कोंडला होता. आणि मासे मेले की पाणी सडणार, गावानं प्यायचं काय, आणि मी मामांच्या खिडकीत. कर्जतला समुद्र नाही, ठीक आहे. मग समुद्र करू.

आता हे वाक्य मी मोठ्यानं बोलायला नको होतं.

"काय करायचं म्हणतोस?" हेमचंद्ररावांनी विचारलं. मी म्हटलं, वारा घालायचा आणि लाटा उठवायच्या. तासाभरात गावातली सुपं गोळा झाली. भजनी मंडळाची अकरा माणसं चारी बाजूंनी पायऱ्यांवर उभी, प्रत्येकाच्या हातात सूप, आणि हेमचंद्रराव काठी वर करून हुकूम देतायत, "वारा." की अकरा सुपं हलायची, मागे टाळ. समुद्राला टाळ लागतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही, पण मंडळ म्हणालं ठेक्याशिवाय हात चालत नाहीत. पाणी ढिम्म. उलट सुपांतला कोंडा उडून तळ्यावर पसरला, तो खायला खालचेही मासे वर आले, आणि गाव म्हणालं, वाढले की हो.

मग मी म्हटलं, उंचावरून पाणी सोडा, पडताना ते हवा घेईल. तर लोक घागरी घेऊन देवळाच्या कठड्यावर. आत्याचा गुडघा दुखतो, म्हणून ती खालच्याच पायरीवर बसून तांब्यातलं पाणी पळीपळीनं सोडत होती, प्रत्येक पळीला एक नाव घेऊन. आणि गार पाणी हवा जास्त घेतं हे तिनं माझं एकच वाक्य चार महिने ध्यानात ठेवलेलं, म्हणून तिनं तळ्यात वाळ्याची जुडी टाकली. माठात टाकतो तशी. केवढं तळं, केवढीशी जुडी... पण मला सांगा, माझं शास्त्र अख्ख्या दहिवलीत कुणाच्या डोक्यात शिरलं होतं? तिच्याच ना?

दुपारचे बारा वाजले. मंडळाचे हात गळाले. एक मासा उताणा झाला. आणि हेमचंद्रराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुंबईची गाडी किती वाजता असते?"

तेवढ्यात वर चिंचेखाली पोशा. मागे अकरा म्हशी, आणि त्याची आई, कोंडी, टोपली घेऊन. पोशानं सुपं पाहिली. मग खाली येऊन म्हणाला, "दादा, काय चाललंय?"

"लाटा करतोय."

"कशाला?"

"पाण्यात हवा जायला हवी पोशा. पाणी अगदी..." आणि मला शब्द सापडेना हो. चार वर्षं शिकलेला एकही शब्द सापडेना.

"निजलंय," पोशा म्हणाला.

मी मान हलवली. दुसरं काय करणार? मग मीच गेलो आणि कुंपणाचा बांबू उपसला. म्हशींनी पंधरा दिवस तळं नुसतं लांबून पाहिलेलं. त्या काय चालत येतात? अकराच्या अकरा एकदम पाण्यात, आणि अशी लाट उठली म्हणून सांगू, तीन पायऱ्या चढली, हेमचंद्रराव कमरेपर्यंत भिजले, पळी वाहून गेली, सगळीकडे फेस. फेस, मंडळी. पांढराशुभ्र, कीलच्या बंदरातल्यासारखा.

हेमचंद्ररावांनी पगडी पुसली. "हं," म्हणाले, "ही लाट."

मी पोशाला म्हटलं, पण म्हशींच्या शेणानं पाणी खराब होतं, तेही हवा खातं. तर तो माझ्याकडे, लहान मुलाकडे पाहावं तसा पाहत म्हणतो, "म्हनून तर चिंचंखाली उब्या करतो ना दादा. तितं शेन टाकून घेत्यात, आई शेनी थापती, मंग पान्यात. देवाचे मासे हायत, घान कशी करंल?" रोज. बापाच्या वेळेपासून. आणि मला वाटत होतं, हा चिंचेखाली वेळ काढतो.

तुम्हाला सांगतो, स्थिर पाण्याचा श्वास कोंडतो, हे माझ्या प्रबंधाचं पहिलं वाक्य आहे. जर्मनमध्ये. पोशानं तेच मराठीत सांगितलं, म्हणून मला कळलं नाही.

आणखी तीन दुपारी म्हशी बसल्या. अक्षय्यतृतीयेच्या पहाटे गाव पुन्हा पायऱ्यांवर. पाणी गढूळ, आणि वर एकही तोंड नाही. आत्या म्हणाली, "जप पुरा झाला वाटतं."

कमिटी बसली. हेमचंद्ररावांनी निकाल वाचला. एक, समुद्राचं शास्त्र खरं ठरलं. दोन, खोली विष्णूस द्यावी. तीन, तळ्यास रोज दुपारी श्वास देण्याचं काम शास्त्र जाणणाऱ्यानेच पाहावं, कारण पोशास त्या वेळी जेवायचं असतं.

खोली मिळाली, खोटं कशाला बोलू. चुना लावला, नळ्या मांडल्या, पारवे अजून जात नाहीत. मी तळ्यावरून थेट वर्गात शिरतो, तेव्हा पुढची दोन बाकं आपोआप रिकामी होतात. आणि परवा कीलहून आमच्या प्राध्यापकांचं पत्र आलं. विचारतात, सध्या कोणत्या समुद्रावर काम करता?

काय लिहू? कर्जतला समुद्र नाही, असं लिहवेना. शेवटी लिहिलं... समुद्र लहान आहे. भरती रोज दुपारी बाराला येते, चिंचेखालून. आणि मी भरतीच्या मागे काठी घेऊन असतो.