स्वयंपाकघरातले मशीन बंद न केल्याबाबत

नाव व पत्ता वर नोंदवल्याप्रमाणे. वय ४३ वर्षे. धंदा : घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातील व्हिनाइलची फरशी मशीनने धुऊन देणे. परिसरात मला मशीनताई म्हणतात.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील धंदा मी एकटीच करते. तक्रारदार गृहस्थ किंवा त्यांच्या पत्नी यांच्याशी माझी पूर्वीची ओळख नव्हती. काम तक्रारदारांनी फोनवरून ठरवले. काल सकाळी अकराच्या सुमारास मी मशीन घेऊन त्यांच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडले. स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी आणि चार-पाच वर्षांची मुलगी होती. शेगडीजवळची फरशी तेलाने पिवळी पडली होती. हे डाग किती जुने, असे मी बाईंना विचारले. तक्रारदार म्हणाले, "हिला काय विचारता, मला विचारा."

मशीनमधले मळके पाणी बाहेर गटारात ओतावे लागते. मागच्या दाराला आतून कुलूप होते व किल्ली तक्रारदारांच्या खिशात होती. त्यांनी कुलूप काढले, बाईंना आतच थांबायला सांगितले आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. शिंतोडे उडू नयेत म्हणून मधले दार मी लोटून घेतले. बाईंनी मुलीला ओट्यावर बसवले. मशीनचा आवाज मोठा असल्याने मुलीने कानांवर हात ठेवले होते.

पाणी बदलायला मी मशीन बंद केले, की पुढच्या खोलीतून तक्रारदार विचारत, "आहेस ना?" बाई म्हणत, "आहे." मशीन सुरू असताना ते विचारत नसत, कारण उत्तर ऐकू आले नसते. पहिल्यांदा मला वाटले, नवराबायकोची काही थट्टा असेल. दुसऱ्यांदा मी मुलीकडे पाहिले. बापाचा आवाज आला, तशी तिने पाय पोटाशी घेतले.

फरशी धुऊन झाली. मी बटणाकडे हात नेला, तेव्हा बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताई, एवढ्यात बंद करू नका."

कारण त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही. त्यांनी मुलीला कडेवर घेतले. त्यांच्या चपला पुढच्या खोलीत होत्या. माझ्या चपला पाणी ओतायला जाण्यासाठी मी मागच्या दाराबाहेर ठेवल्या होत्या, त्या मी हनुवटीने दाखवल्या. त्या घालून बाई गेल्या. हातात पिशवी वगैरे काही नव्हते. मी दार ओढून घेतले.

त्यानंतर मी मशीन चालवत राहिले. कोरड्या फरशीवर ब्रश फिरवला तर व्हिनाइल खरवडते, म्हणून पुन्हा साबणपाणी टाकले. तक्रारदारांना पाडण्यासाठी टाकले, हे खरे नाही. किती वेळ चालवले, हे सांगता येणार नाही. शेगडीपासून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे, एवढेच करत होते. मध्येच हाक आल्यासारखी वाटली. मी मशीन बंद केले नाही. पुन्हा हाक आली, ती स्पष्ट ऐकू आली. तेव्हाही बंद केले नाही.

मग मधले दार भिंतीवर आपटले. मी ओरडून सांगितले, "पाय ठेवू नका, साबण आहे." ते ऐकले की नाही, मला माहीत नाही. ते तरातरा आत आले, घसरले आणि उजव्या हातावर पडले. तेव्हा मी मशीन बंद केले.

त्यांनी हाताकडे पाहिलेसुद्धा नाही. "कुठंय ती?" असे विचारले. मी म्हणाले, "गेल्या." त्यांनी माझ्या अनवाणी पायांकडे पाहिले, मागच्या दाराकडे पाहिले. उठायला गेले आणि परत घसरले. मी त्यांना धरून स्टुलावर बसवले, मनगटाला कोरडा टॉवेल बांधला आणि शेजारच्यांना बोलावून दवाखान्यात न्यायला सांगितले. टॉवेल बांधताना ते मला जे काही बोलले, ते लिहून घेऊ नये, अशी माझी विनंती आहे. ते गेल्यावर उरलेले साबणपाणी मी मशीनने ओढून घेतले, कारण काम तसे टाकून जाता येत नाही. घरी अनवाणी गेले. चपलांबाबत माझी तक्रार नाही.

बाई कुठे गेल्या, हे मला माहीत नव्हते. आज सकाळी त्यांनी स्वतः ठाण्यात फोन करून, आपण मुलीसह भावाकडे आहोत व परत जाणार नाही, असे कळवल्याचे मला साहेबांकडून समजले. भाऊ कोणत्या गावी असतो, असे मी विचारले नाही. मला कळू नये, हेच बरे. तक्रारदारांना माझे घर माहीत आहे.

माझा हा जबाब संगणकावर लिहून मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. त्यात "मशीन नजरचुकीने सुरू राहिले" असे आले होते. असे असू दे, तुमच्या दृष्टीने सोपे पडेल, असे साहेब म्हणाले. मी नको म्हणाले. ते काढून "मी मशीन सुरू ठेवले" असे करण्यात आले. आता सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, म्हणून खाली सही करते.