कैदेतली खरेदी

बिदरच्या मिशन दवाखान्यात रांगेत माझ्यापुढं दोघी बसल्या होत्या. शांतम्मांच्या मांडीवर शास्त्राचं पुस्तक, म्हणजे बायबल, होतं, आणि जनवाड्याच्या वच्छलाबाईंना त्यातली गोष्ट हवी होती.

“काय म्हणायलता तुमचा संदेष्टा?”

“‘यरुशलेमा, तुझी पापं भरली, तू जळणार,’ असं आपल्याच शहराला चाळीस वर्षं सांगितलं त्यानं.”

“असल्याला जेवायला कोण बोलवत असंल, बाई!”

“कुणी न्हाई, अक्का. खरंच शत्रूचा वेढा पडला, तवा राजानं ह्यालाच कैदेत टाकलं. आन् ह्यानं कैदेत बसून शत्रूच्या ताब्यातलं शेत विकत घेतलं.”

“बायकोला इचारलं न्हाई वाटतं!”

“बायकोच नव्हती.”

“तरीच!”

“खरेदीखत मडक्यात जपून ठेवायला लावलं. म्हणाला, देव माणसं परत आणील, इथं पुन्हा पिकंल.”

“येडाच की मग.”

“व्हय. रझाकारांच्या भ्यानं तुम्ही गाव सोडलात, तवा काय काय घेतलंत, अक्का?”

“काय घेतंय! गाडी जुंपून समदे दारात वरडायलते, ‘चल, चल.’”

“आन् तुम्ही?”

“हसू नका बघा.”

“न्हाई हसत.”

“मी घर सारवायलते.”