टोपली रिकामी जात नाही

जबाब
दिनांक १८ डिसेंबर २०२५
पोलीस ठाणे, डहाणू

माझं नाव दक्षा उमेश उंबरसाडा, वय ४२ वर्षे, धंदा शेती आणि बांबूकाम, राहणार सायवन, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. मी कनसरी महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. मला कोणी बोलावलेलं नाही, मी आपल्या पायाने ठाण्यात आले आहे आणि हवालदारसाहेबांनी विचारल्यावरून समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी नवरा उमेश आणि सासू बारकी यांच्यासह राहते. आमच्या गटात सायवन आणि आसपासच्या पाड्यांवरच्या बायका आहेत. आम्ही भात, नागली पिकवतो आणि शेताचं काम उरकलं की टोपल्या विणतो. या टोपल्या पूर्वी डहाणू रोडच्या बाजारात चिकूवाल्यांना विकायचो. चिकूवाले टोपली हातात घेऊन आधी नाक मुरडायचे आणि मग भाव पाडायचे. हवालदारसाहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिहा, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी सरकारच्या उद्योग खात्याने डहाणूत शिबिर घेतलं. गावातला माल परदेशात कसा पाठवायचा, हा विषय होता. खरं सांगायचं तर जेवण चांगलं असतं असं आमच्या गटातली रखमी म्हणाली, म्हणून आम्ही गेलो. तिथे खात्याच्या सुषमा मॅडम भेटल्या. त्यांनी आमच्या टोपल्या बघितल्या आणि नाक मुरडलं नाही. पुढे त्यांनी गटाच्या नावाने निर्यातीचा नंबर काढून दिला, बांबूला कीड लागू नये म्हणून काय करायचं ते शिकवायला माणूस पाठवला, आणि दिल्लीत परदेशी गिऱ्हाइकं येतात त्या मेळ्यात आम्हाला गाळा मिळवून दिला. गाळ्याचं भाडं आणि आमचं रेल्वेचं तिकीट सरकारने भरलं. सरकारने बोललेलं सरकारने केलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून तेही लिहावं.

दिल्लीत जर्मनीची एक बाई आमच्या गाळ्यावर आली. तिने एक टोपली घेतली, उलटी घातली आणि तिच्यावर बसली. बाई अंगाने चांगली भरलेली होती. टोपली हलली नाही, कुरकुरलीसुद्धा नाही. ती टोपली माझ्या सासूच्या हातची होती. बाईने तिथेच तीनशे टोपल्या मागितल्या. घरी येऊन सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "टोपलीवर बसली? त्यांच्या घरात बसायला पाट नाय का?" पण त्या दिवसापासून ती पाड्यावर भेटेल त्याला ही गोष्ट सांगते, आणि सांगताना जर्मनीची बाई दर वेळी थोडी जाड होते.

टोपल्या आम्ही पावसाळा संपल्यावर विणायला घेतल्या. भात कापणी आणि विणकाम एकदमच चाललं होतं, दिवसा विळा आणि बाकीच्या वेळात कोयता. आमच्यापैकी एकीनेही माघार घेतली नाही. कापणीच्या काळात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला न जाता आपल्या कामावर बसायचं, हे आमच्यात बऱ्याच जणींनी जन्मात पहिल्यांदाच केलं. मला त्यांचा अभिमान वाटतो. हे वाक्य जबाबात चालत नसेल तरी राहू द्यावं.

परदेशात बांबूचा माल पाठवायचा तर त्याला औषधाची धुरी द्यावी लागते. धुरी देणारी माणसं या सोमवारी गावात आली. आमच्याकडे बाळंतिणीला धुरी देतात, टोपलीलाही देतात हे ऐकून बायका खूप हसल्या. धुरी झाल्यावर माल खोक्यांत भरला, खोक्यांच्या तोंडाला पट्टी लावली आणि पट्टीवर शिक्का मारला. माल पाठवणारे एजंट नविनभाई यांचं गोदाम डहाणू रोडला आहे. गोदामात खोकी बुधवारी पोचवायची आणि तिथून ती बंदरात जायची, असं ठरलं होतं. गाडी तुषार चैत्या धोदडे, राहणार उधवा, तालुका तलासरी, यांची ठरवली होती. तुषार माझ्या माहेरचा आहे. त्याची स्वतःची पिकअप आहे आणि आमच्या भागातल्या कितीतरी नवऱ्या त्याच्या गाडीतून सासरी गेल्या आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी मी आले ती सांगते. आमच्याकडे टोपली, सूप किंवा कणगी नवी विणून दुसऱ्याच्या हाती दिली, तर ती रिकामी देत नाहीत. आत मूठभर भात, म्हणजे साळीचे दाणे, घालून देतात. रिकामी टोपली दिली म्हणजे घेणाऱ्याच्या घरी उपास धाडला असा अर्थ होतो. लग्नातल्या टोपलीत घालतात, शेजारणीला दिलेल्या सुपात घालतात. चिकूवाल्यांनासुद्धा आम्ही चार दाणे घालूनच टोपली देत होतो, ते रस्त्यावर झटकून टाकायचे तो भाग वेगळा.

मंगळवारी संध्याकाळी खोकी पडवीत रचलेली होती आणि तुषार गाडी घेऊन आला होता. सासूने विचारलं, "भात घातलं का गं?" आम्ही एकमेकींची तोंडं बघितली. कोणीच घातलं नव्हतं. तेव्हा प्रत्येकीने आपापल्या घरातून या साली कापलेलं नवं भात आणलं, मूठ-मूठ सागाच्या पानात बांधलं आणि प्रत्येक टोपलीत एक पुडी ठेवली. खोक्यांच्या तोंडावर शिक्का होता. शिक्का सरकारी, त्याला धक्का लागू नये म्हणून आम्ही खोकी उलटी केली, खालून उघडली, आणि काम झाल्यावर खालूनच नवी पट्टी लावून बंद केली. खोकी उलटी करायला तुषारने हात लावला, कारण ती जड होती आणि मीच त्याला सांगितलं होतं. त्याची आई पुतळी आमच्याच गटात आहे. तिनेही पुड्या ठेवल्या.

खोक्यात टोपल्यांखेरीज काहीही घालायचं नाही, पान नाही, माती नाही, धान्य नाही, हे सुषमा मॅडमनी आम्हाला तीनदा सांगितलं होतं. मला ते पाठ होतं. हवालदारसाहेबांनी विचारलं, मग का घातलं? याचं खरं उत्तर असं आहे, की ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तो नियम मालाचा होता. भात हा आमच्या मनात माल नव्हताच. पाहुण्याला पाणी देताना कोणी नियम आठवत नाही, तसं झालं. चूक गटाची आहे आणि अध्यक्ष म्हणून माझी आहे.

काल तुषारने खोकी गोदामात पोचवली. वजन कागदावरच्यापेक्षा जास्त भरलं. मग नविनभाईंच्या माणसांना खोकी खालून कापलेली दिसली. त्यांनी एक खोका उघडला तर आत पानांच्या पुड्या निघाल्या. गाडीवाल्याने टोपल्या काढून घेतल्या आणि वजनाला पुड्या भरल्या, असं नविनभाईंना वाटलं, आणि त्यांनी ठाण्याला कळवलं. पोलिसांनी तुषारला विचारलं, खोक्यात काय आहे? तो म्हणाला, टोपल्या. आणखी काय आहे? तो म्हणाला, आणखी काय नाय. त्यामुळे तो खोटं बोलतोय असं सगळ्यांना वाटलं, आणि खोक्यांसह त्याला रात्री ठाण्यातच ठेवलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याला विचारलं असतं की टोपल्या रिकाम्या आहेत का, तर तो म्हणाला असता, रिकाम्या कशा असतील?

काल त्याने आईला फोन केला आणि "मी आज येत नाय" एवढंच सांगितलं. पुतळी आज पहाटे माझ्या दारात येऊन उभी राहिली. मी नविनभाईंना फोन लावला, तेव्हा तुषार ठाण्यात असल्याचं कळलं. आम्ही सगळ्या पहिल्या एसटीने डहाणूला आलो. सासूला घरी राहा म्हटलं तर ती माझ्याआधी गाडीत चढली.

आज ठाण्याच्या अंगणात पंचांसमोर सगळी खोकी उघडली. बायका जमिनीवर बसून टोपल्या मोजत होत्या. तीनशे टोपल्या हव्या होत्या, त्या तीनशे एक भरल्या. पुन्हा मोजल्या, तरी तीनशे एक. हवालदारसाहेब चक्रावले. चोरी झाली तर एक कमी निघेल, जास्त कशी निघाली? सासू म्हणाली, "पहिला गिऱ्हाईक हाय. त्याला मोजून तेवढाच देतात का? वर एक नको?" अंगणातले पंच हसले, एक शिपाई तोंड फिरवून हसला. तुषार बाकावर बसला होता, तो हसला नाही.

नविनभाई मला म्हणाले, "बेन, माझा पण विचार कर ना. असा माल तिकडे गेला असता तर तिकडच्या लोकांनी जाळून टाकला असता. तुमचा नंबर गेला असता आणि माझा लायसन गेला असता." हे त्यांचं बोलणं खरं आहे. पुड्या बंदरात सापडल्या असत्या तर आमचं काम सुरू व्हायच्या आधीच संपलं असतं. नविनभाईंच्या माणसांनी खोक्याच्या बुडाकडे बघितलं म्हणून आम्ही वाचलो. त्याबद्दल मी सगळ्यांसमोर हात जोडून त्यांचे आभार मानले आहेत.

सुषमा मॅडमना मी इथूनच फोन लावला. त्या आधी रागावल्या, मग म्हणाल्या, पुन्हा धुरी द्या, नवे शिक्के मारून घ्या, जहाजाला अजून वेळ आहे, धुरीवाल्यांशी मी बोलते. मी त्यांना विचारलं, टोपली रिकामी जाऊ नये म्हणून आत काय चालेल? त्या म्हणाल्या, धुरी दिलेल्या बांबूशिवाय काही नाही. हे मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, ज्या बांबूची टोपली त्याच बांबूची एक चोय, म्हणजे पातळ पट्टी, वळून आत ठेवू, म्हणजे आत काहीतरी असेल. तसं आता ठरलं आहे. पुड्यांमधलं भात आम्ही घरी नेणार नाही, दिलेलं परत घेत नाहीत. ते ठाण्याने ठेवून घ्यावं. जेवढं आहे त्यात इथल्या सगळ्यांचं एक जेवण होईल.

यानंतर नविनभाई म्हणाले की त्यांची तक्रार राहिलेली नाही, फक्त पुढे बंदरापर्यंत माल ते आपल्या टेम्पोने नेतील. तुषारची गाडी नको. मी विचारलं, का नको? ते म्हणाले, "ठाण्यात नाव आलं ना एकदा. पार्टीला कळलं तर वाईट दिसतं." हे ते आवाज न चढवता बोलले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हेही मी सांगते. पण तुषारने ते ऐकलं, आणि त्याने गाडीची किल्ली खिशातून काढून बाकावर आपल्या बाजूला ठेवली. रात्रभर इथे बसूनसुद्धा त्याचा चेहरा असा झाला नव्हता.

मी गटाला अंगणात एका बाजूला बोलावलं. माझं एक वाक्य होण्याआधी गंगी म्हणाली, "टोपल्या परत बांधा." कोणी दुसरं बोललं नाही. तीनच महिन्यांपूर्वी यातल्या बऱ्याच जणी बँकेत माझ्या मागे लपत होत्या. मी नविनभाईंना सांगितलं की माल तुषारच्या गाडीतून बंदरात जाईल, नाहीतर तुषारच्या गाडीतून सायवनला परत जाईल. ऑर्डर गेली तर जाऊ दे. गिऱ्हाईक पुन्हा मिळेल, त्यासाठी सरकार दिल्लीला गाळा देतं. तुषारचं गेलेलं नाव परत आणायला कोणी गाळा देत नाही.

नविनभाईंनी अंगणातल्या टोपल्यांकडे बघितलं. जर्मनीची ऑर्डर त्यांचीही पहिलीच आहे, हे मला मॅडमकडून माहीत होतं, पण मी ते बोलले नाही. मग ते उठून बाकापाशी गेले, किल्ली उचलून तुषारच्या हातात दिली आणि विचारलं, "डिझेल भरलंय का?" तुषार म्हणाला, "भरायचंय." पुतळी तेव्हा रडली. त्याआधी रडली नव्हती.

माझी एकच मागणी आहे. पुढचं वाक्य जबाबात मध्येच कुठेतरी नको, एका ओळीत वेगळं लिहावं. हवालदारसाहेबांनी ते मान्य केलं आहे.

तुषार चैत्या धोदडे यांनी काहीही चोरलेलं नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला आणि अंगणात बसलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवला. वरची ओळ बायकांनी पुन्हा वाचायला लावली, ती त्यांनी पुन्हा वाचली. मी बोलले तेच यात आहे, म्हणून खाली सही करते.

(सही) दक्षा उमेश उंबरसाडा
अध्यक्ष, कनसरी महिला बचत गट, सायवन

समक्ष,
पोलीस हवालदार, डहाणू