सिडनीची थंडी

व्हिसाच्या रांगेत नर्सबाईंच्या पुढे एक म्हातारा शिंपी आणि त्याची बायको उभी होती. नर्सबाईंचे कान त्यांच्याकडेच.

"अहो, डिसेंबरात सिडनीला उन्हाळा असतो म्हणे."

"काहीतरीच! डिसेंबरात कसला उन्हाळा?"

"पृथ्वीच्या खालच्या अंगाला सगळं उलटंच. लेकच सांगत होती फोनवर."

"मग मी डोळे फोडून तिच्यासाठी लोकरीचा कोट शिवला, त्याचं काय?"

"तिलाच विचारायचं होतंत आधी. पण तुमचा तर तिच्याशी अबोला! वर म्हणे, आठ दिवसांत परत फिरायचं."

"थंडी कधी पडते तिकडे?"

"जूनमध्ये."

शिंप्याने बोटांवर महिने मोजले.

"परतीचं तिकीट एवढ्यात काढू नकोस. ऐन थंडीत तिच्या अंगावर कोट बघितल्याशिवाय मी काही हलायचा नाही."